वेदनेची जबानी

जखम भरून आली, टाके निघाले, हाडाचे काम हाडाने केले, आणि तरीही दुखणे मात्र जागच्या जागी राहिले, अशी माणसे आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. परंतु त्यांच्या दुखण्याला बोट दाखवण्याजोगे कारण उरलेले नसल्यामुळे पहिल्या वर्षी त्यांना सहानुभूती मिळते, दुसऱ्या वर्षी सल्ले मिळतात, आणि त्यानंतर घरच्या माणसांच्याही मनात त्यांच्याविषयी एक न बोललेला संशय मूळ धरू लागतो. वैद्यकशास्त्रानेही या माणसांना फार काळ ताटकळत ठेवले. तीन महिन्यांहून अधिक टिकणारी वेदना ही निव्वळ दुसऱ्या कुठल्या रोगाचे लक्षण नसून पुष्कळदा स्वतःच एक व्याधी असते, ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तपशीलवार नोंदली गेली ती २०२२ साली अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत.

माझे एक स्नेही जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. आम्ही सारे त्यांना रावसाहेब म्हणतो. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या माई, यांच्या कमरेच्या मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या दोन्ही कागदोपत्री यशस्वी ठरूनही डाव्या नितंबापासून पावलापर्यंत जाळत जाणारी कळ काही गेली नाही. मूळचे भूलतज्ज्ञ असलेल्या आणि गेली अनेक वर्षे केवळ वेदनोपचाराला वाहून घेतलेल्या एका डॉक्टरांनी त्यांना मज्जारज्जूच्या विद्युत्-उद्दीपनाचा मार्ग सुचवला. रावसाहेबांना तो पसंत नव्हता, पण न ऐकता नापसंत करणे हे त्यांच्या स्वभावात नव्हते, म्हणून त्यांनी डॉक्टरांना घरी बोलावले. मी त्या बैठकीला होतो. जे बोलणे झाले ते एका घरापुरते नाही असे मला मनापासून वाटते, म्हणून त्यातला पाल्हाळ गाळून ते येथे उतरवतो.

रावसाहेब : डॉक्टर, अगोदर मला एवढे सांगा, की पाठीत तार घालून वीज सोडल्याने पाय दुखायचा कसा थांबतो?

डॉक्टर : थांबतो असे मी म्हणत नाही, कमी होतो; आणि तो दुखऱ्या जागी काही केल्याने नव्हे, तर दुखण्याची वर्दी ज्या वाटेने मेंदूकडे जाते त्या वाटेवर हस्तक्षेप केल्याने कमी होतो. पोर पडले की आई त्याचा गुडघा चोळते आणि पोराचे रडणे ओसरते, हा अनुभव जुनाच. पण त्याची शास्त्रीय उपपत्ती मेल्झॅक या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि वॉल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मांडली ती १९६५ साली. त्यांचे म्हणणे असे, की स्पर्शाची जाणीव नेणारे जाड मज्जातंतू आणि वेदनेची जाणीव नेणारे बारीक तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात एकत्र येतात, आणि तेथे नाक्यावरच्या कारकुनासारखी एक व्यवस्था असते, जी जाड तंतूंची रहदारी वाढली की बारीक तंतूंचा माल अडवून धरते. याला ते द्वार-सिद्धान्त म्हणत. जाड तंतूंच्या शाखा मज्जारज्जूच्या पाठीमागच्या बाजूने वर जातात. तेथे सौम्य वीज दिली, तर बाहेरून न चोळताही ते द्वार लोटता यावे, असे अनुमान त्यातून निघाले. १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे नॉर्मन शीली या मेंदूशल्यविशारदाने थॉमस मॉर्टिमर या तरुण अभियंत्याने बनवलेला विद्युदग्र फुप्फुसाच्या कर्करोगाने आसन्नमरण झालेल्या एका वृद्धाच्या पाठीत बसवला, आणि त्याची वेदना उतरली.

रावसाहेब : म्हणजे सिद्धान्त मांडल्यावर दोन वर्षांच्या आत तो माणसाच्या पाठीत गेला. निदान तो सिद्धान्त तरी पुढे कायम झाला का?

डॉक्टर : जसाच्या तसा नाही. तपशिलात तो पुष्कळ दुरुस्त करावा लागला, आणि आजची काही यंत्रे तर त्याच्या चौकटीत बसतच नाहीत. जुन्या पद्धतीत सेकंदाला सुमारे ४० ते ६० स्पंदने देतात, आणि रुग्णाला दुखऱ्या भागावर मुंग्या आल्यासारखे वाटते. नव्या एका पद्धतीत सेकंदाला १०,००० स्पंदने देतात, तेव्हा मुंग्या मुळीच जाणवत नाहीत आणि तरीही काहींना आराम पडतो. तो का पडतो याविषयी मतभेद आहेत. पण रावसाहेब, कारण कळण्यापूर्वी गुण आल्याची उदाहरणे वैद्यकात काही थोडी नाहीत. पहिल्या शतकातला स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा रोमन वैद्य गाऊटच्या रुग्णाला समुद्रकाठी उभे करून त्याच्या पायाखाली जिवंत विद्युत्-मासा ठेवायला सांगे, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतोवर. त्याला वीज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते.

रावसाहेब : आणि ज्यांना काहीच गुण आला नाही, त्यांची नोंद त्या वैद्याने ठेवली नव्हती. माझी तक्रार नेमकी येथे आहे.

या वाक्याने बैठकीचा रोख ठरला. रावसाहेबांची सारी हयात साक्षीपुराव्यात गेलेली. सांगणारा प्रामाणिक असला म्हणजे त्याचे सांगणे खरेच असते असे नव्हे, हे त्यांनी न्यायासनावरून पुन्हा पुन्हा पाहिलेले. उलट डॉक्टरांचा रोजचा व्यवहार अशा माणसांशी, की ज्यांच्यापाशी स्वतःच्या सांगण्याखेरीज दुसरा पुरावाच नसतो. दोघांचाही आग्रह सत्याचाच होता, आणि म्हणूनच त्यांचे जमणे कठीण होते.

डॉक्टरांनी मग विधी सांगितला. आधी तात्पुरती चाचणी: रुग्णाला पालथे निजवून, कातडीपुरती भूल देऊन, कमरेच्या वरच्या मणक्यांमधून एक वाकड्या टोकाची पोकळ सुई मज्जारज्जूच्या वेष्टनाबाहेरच्या चिंचोळ्या जागेत सरकवतात. बाळंतपणात एपिड्यूरल देतात ती हीच जागा. सुईतून शेवईएवढी बारीक तार, जिला हे लोक लीड म्हणतात, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत वर नेतात. जुन्या पद्धतीत रुग्ण या वेळी जागा असतो, कारण मुंग्या नेमक्या दुखऱ्या जागी आल्या की नाही हे त्याच्यावाचून कोणीच सांगू शकत नाही. तारेचे दुसरे टोक कातडीबाहेर राहते. ते पट्ट्यांनी चिकटवून कमरेच्या एका डबीला जोडतात आणि रुग्णाला घरी धाडतात. साधारण आठवडाभर वाकायचे नाही, कंबर पिळायची नाही, अंगावरून पाणी घ्यायचे नाही, आणि दुखणे किती उरले याची रोज नोंद करायची. वेदना निम्म्याने उतरली तर विद्युत्-संच कायमचा कातडीखाली पुरायचा. नाही तर तार ओढून घ्यायची, आणि प्रकरण मिटले.

नोंद करण्यासाठी डॉक्टरांनी एक कागद आणला होता. त्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ, डाव्या टोकाला ‘वेदना नाही’ आणि उजव्या टोकाला ‘कल्पनेतील सर्वांत तीव्र वेदना’, एवढेच. रुग्णाने पेन्सिलीने खूण करायची आणि डॉक्टरांनी पट्टीने मोजायचे. माईंनी आदल्या भेटीत केलेली खूण त्या रेघेवर होती, उजव्या टोकापासून दोन बोटे अलीकडे. रावसाहेब तो कागद हातात धरून पाहत राहिले.

रावसाहेब : काही लाखांचा खर्च आणि कण्याशेजारची शस्त्रक्रिया या पेन्सिलीच्या खुणेच्या भरवशावर? कोर्टात मी याला पुरावा म्हणून दाखलही करून घेतला नसता.

डॉक्टर : मग वेदनेचा कोणताच दावा आपल्या कोर्टात उभा राहिला नसता. रक्तात तिची चाचणी नाही, एमआरआयमध्ये तिची छाया नाही. पण एकट्या खुणेवर मी विसंबत नाही. माईंसारख्याच, म्हणजे मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही ज्यांचा पाय दुखतच राहिला अशा १०० रुग्णांवर कॅनडातले कृष्ण कुमार आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक देशांत मिळून एक परीक्षण केले. ते २००७ साली प्रसिद्ध झाले. काहींना नेहमीचे औषधोपचार, काहींना त्यांच्या जोडीला हे यंत्र, आणि कोणाला काय हे चिठ्ठीने ठरवलेले. सहा महिन्यांनी यंत्र मिळालेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची पायाची वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरली होती, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ९ टक्क्यांची. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने, शंभरपैकी किमान ५० तीव्रतेची मज्जातंतुजन्य वेदना उपचार करूनही सहा महिने हटत नसेल, आणि तात्पुरती चाचणी यशस्वी झाली असेल, तर हे यंत्र बसवावे, असा निर्णय दिला.

रावसाहेब : त्या परीक्षणात आपल्याला यंत्र मिळाले की नाही हे रुग्णांना ठाऊक होते?

डॉक्टर : होते.

रावसाहेब : आणि खर्च कोणी सोसला?

डॉक्टर : यंत्र बनवणाऱ्या कंपनीने. आणि आपण विचारण्यापूर्वी हेही सांगतो, की वर्षभरात ३२ टक्के रुग्णांच्या बाबतीत यंत्राच्या काही ना काही तक्रारी उद्भवल्या. तार जागेवरून सरकणे, जंतुसंसर्ग, जखमेशी दुखणे, पुन्हा टाके घालावे लागणे.

रावसाहेब : आपण लपवत नाही, हे मी मानतो. आता दुसऱ्या बाजूचा साक्षीदार बोलवू. नॉर्वेतल्या परीक्षणाविषयी मी वाचले आहे.

येथे सांगितले पाहिजे, की रावसाहेबांनी त्या परीक्षणाचा मूळ वृत्तान्त मिळवून, तांबड्या पेन्सिलीने खुणा करून, जुन्या दप्तरात बांधून ठेवला होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेले हे परीक्षण असे: शस्त्रक्रियेनंतरही पाठ-पाय दुखणारे आणि तात्पुरती चाचणी उत्तीर्ण झालेले ५० रुग्ण, प्रत्येकाच्या अंगात यंत्र, आणि वर्षभरात तीन-तीन महिन्यांच्या चार पाळ्या, त्यांपैकी दोन पाळ्यांत यंत्र चालू, दोन पाळ्यांत बंद. वीज जाणवणार नाही इतकी सौम्य, त्यामुळे कोणती पाळी कोणती हे रुग्णालाही कळू नये. दैनंदिन व्यवहारातली असमर्थता मोजणाऱ्या शंभर गुणांच्या पट्टीवर रुग्ण सरासरी ४५ च्या आसपास होते. यंत्र चालू असताना ते १०.६ गुणांनी सुधारले, आणि बंद असताना ९.३ गुणांनी. फरक १.३ गुणांचा, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पुढच्या वर्षी कॉक्रेन या संस्थेच्या पुनर्विलोकनाने, १३ परीक्षणे आणि ६९९ रुग्ण तपासून, कंबरदुखीसाठी हे यंत्र संशोधनाबाहेर वापरण्याला पुराव्याचा आधार नाही असे म्हटले.

डॉक्टर : त्या परीक्षणात वापरलेली स्पंदनांची रचना नेहमीची नव्हती, आणि वीजही कमी होती, असे अनेकांचे आक्षेप आहेत. एका रचनेच्या अपयशाने सगळ्या रचना बाद ठरत नाहीत.

रावसाहेब : मान्य. पण ज्या रचनेत मुंग्या जाणवतात, तिची अशी गुप्त परीक्षा घेताच येत नाही, आणि ज्या रचनेची घेता आली ती नापास झाली. मग पहिलीला केवळ परीक्षेला न बसल्याबद्दल उत्तीर्ण करायचे?

डॉक्टर : नाही. पण आपण ज्या आकड्याकडे पाहत आहात त्याच्या शेजारचा आकडा सोडून देत आहात. यंत्र बंद असतानाही हे लोक नऊ गुणांनी सुधारले! वर्षानुवर्षे ज्यांना कशानेच आराम पडला नव्हता, त्यांना पडला. तो आराम खोटा होता असे आपण त्यांना तोंडावर सांगाल?

रावसाहेब : आराम खोटा होता असे नाही सांगणार. पण तो यंत्राच्या विजेने आला असे कोणी सांगत असेल, तर ते सांगणे खोटे आहे, आणि त्या खोट्या सांगण्याची किंमत रुग्ण पैशाने, टाक्यांनी, विद्युत्-कोश संपला की पुन्हा होणाऱ्या शस्त्रक्रियेने भरतो. विश्वासाने येणारा गुण हवा असेल, तर तो विश्वास पाठीत तार न घालता निर्माण करा. माई इतकी वर्षे डॉक्टरांकडे जाते. तिच्यापाशी अर्धा तास बसून तिचे ऐकणारे किती भेटले?

रावसाहेबांचे हे शेवटचे वाक्य मला या संबंध वादातले सर्वांत भेदक वाटले, आणि तरी त्यांचा युक्तिवाद मला अर्धाच पटला. कारण आकड्यांची सरासरी काढताना ज्याला मुळीच गुण आला नाही आणि ज्याला भरपूर आला, ते दोघे एकाच बेरजेत विरघळून जातात, आणि माई त्या दोघांपैकी कोण हे सरासरी सांगू शकत नाही. डॉक्टरांनी या बाजूने एक उदाहरण दिले. नेदरलँड्समध्ये दुखापतीनंतर हात किंवा पाय सुजून, तापून, अतोनात दुखत राहण्याच्या एका विकारावर ५४ रुग्णांचे परीक्षण झाले. २००० साली पहिले निष्कर्ष आले तेव्हा यंत्राचा लाभ स्पष्ट होता. पाच वर्षांनंतर मात्र यंत्र असलेले आणि नसलेले यांच्यात गणिताला दिसेल असा फरक उरला नाही. तरीसुद्धा यंत्र असलेल्यांना विचारले, की एवढाच परिणाम मिळणार हे कळूनही तुम्ही पुन्हा हाच उपचार घ्याल का, तेव्हा ९५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले.

डॉक्टर : या ९५ टक्क्यांना आपण काय म्हणणार? सारेच फसले?

रावसाहेब : (बऱ्याच वेळाने) एवढा त्रास सोसल्यावर तो व्यर्थ गेला असे कबूल करणे माणसाला जड जाते, एवढे मला म्हणता येईल. पण तेवढ्याने ९५ टक्क्यांचा उलगडा होतो असे मी शपथेवर सांगणार नाही.

आतापर्यंत माई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, डाव्या कुशीवर भार येऊ नये म्हणून किंचित तिरक्या.

माई : मी बोलू का? पहिल्या ऑपरेशननंतर फोटो चांगला आला, म्हणून मी बरी झाले असे सगळ्यांनी ठरवले. दुसऱ्या वेळीही तसेच झाले. आता तुम्ही दोघे नॉर्वेच्या लोकांवरून माझे ठरवता आहात. डावा पाय मला चादरीखाली घेता येत नाही; चादर लागली की निखारा ठेवल्यासारखे होते. थंडीतही तो पाय मी उघडाच ठेवते. त्या गोळ्यांनी दिवसभर डोके जड राहते, पोथी वाचायला घेतली तर ओळ सुटते. मला हे सांगा डॉक्टर, वीज कशाला लागू पडते? पायाला की कमरेला?

डॉक्टर : पायाला अधिक. चादर सोसत नाही, जळते, ही मज्जातंतूच्या बिघाडाची वेदना आहे, आणि या उपचाराचा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा तिच्याच बाजूने आहे. नुसत्या कमरेच्या दुखण्याबाबत मी रावसाहेबांशी भांडणार नाही.

माई : मग हे आधी का नाही सांगितले?

डॉक्टर क्षणभर थांबले, आणि म्हणाले की हे त्यांनी आधीच सांगायला हवे होते. त्यानंतर वादाचे स्वरूप पालटले. आता यंत्र खरे की खोटे हा प्रश्न बाजूला पडून, माईंच्या बाबतीत त्याची खातरजमा कशी करावी, हा विचार सुरू झाला. रावसाहेबांनी विचारले, की नॉर्वेत केले ते या घरात करता येणार नाही का. चाचणीच्या आठवड्यात न जाणवणारी रचना लावून ती काही दिवस चालू, काही दिवस बंद ठेवावी, चालू-बंदचा तक्ता तिसऱ्याच माणसापाशी मोहोरबंद राहावा, आणि माईंनी फक्त खुणा कराव्यात. अनेक ठिकाणी यंत्राची जुळणी करायला कंपनीचा माणूस हजर असतो. त्याच्यापाशी तो तक्ता असता कामा नये, हीही त्यांची अट होती.

डॉक्टर : करता येईल, पण कच्चा पुरावा मिळेल. यंत्र बंद केले तरी परिणाम काही काळ रेंगाळू शकतो, म्हणून बंदचा पहिला दिवस धरता येत नाही. चाचणी लांबवावी तर कातडीबाहेर राहिलेल्या तारेच्या वाटेने जंतू आत जाण्याचा धोका वाढतो. शिवाय माईंची संमती लागेल.

माई : मला न सांगता बंद करणार, हे मला आधी सांगितलेत तर माझी हरकत नाही. पण चालू कधी होते ते सगळे संपल्यावर मला दाखवायचे, ह्यांना आधी नाही.

रावसाहेबांनी कागद घेतला आणि मसुदा लिहायला सुरुवात केली: चाचणीची मुदत, मोहोरबंद तक्ता, संसर्गाचे लक्षण दिसताच तार काढणे, गोळ्या चाचणीभर न बदलणे, पुढे कधी एमआरआय लागल्यास चालेल अशाच बनावटीचे यंत्र. चालू असतानाची वेदना बंद असतानाच्या वेदनेपेक्षा निम्म्याने कमी नसेल तर कायमचे यंत्र बसवू नये, हे कलम त्यांनी अधोरेखित केले.

माई : निम्मे हे कोणी ठरवले?

डॉक्टर : वहिवाटीने ठरले आहे. जगभर तेवढे धरतात.

माई : मग माझी अट त्याच्याखाली लिहा. चादर पांघरून झोप लागली पाहिजे, आणि ओट्याशी पंधरा मिनिटे उभे राहता आले पाहिजे. ही दोन्ही झाली नाहीत, तर रेघेवर खूण कुठेही पडो, मी ते यंत्र अंगात घालून घेणार नाही.

रावसाहेब : आणि ही दोन्ही झाली, पण माझे निम्मे भरले नाही, तर?

डॉक्टर : चालू असताना झाली आणि बंद असताना झाली नाहीत, तर मी बसवीन. दोन्ही वेळा सारखीच झाली, तर बसवणार नाही. पण मग ती बंद असताना कशामुळे झाली, हे शोधायला मी दर आठवड्याला येथे येईन आणि माईंचे ऐकत बसेन. तेही कलम घाला.

रावसाहेबांनी ते घातले.